नववा पेच

दोन हलके ठोके, मग एक जड. थोडं थांबून पुन्हा दोन हलके, एक जड. तहसील कचेरीतून सुटून घरी निघालेला जयवंता जुने मालगुजार रघुनाथराव यांच्या आवाराच्या मागच्या भिंतीशी थबकला तो या आवाजानं. सौसरात लोहार होते, सुतार होते, गाड्यांची चाकं ठोकणारे होते. पण असं ठोकणारा माणूस त्याला आयुष्यात एकच ठाऊक होता, आणि तो पांढुर्ण्याला राहत होता. पहिले दोन ठोके लोखंडाला विचारायला, तिसरा उत्तर काढून घ्यायला, असं तो माणूस शिकवायचा. हातातली पिशवी त्यानं उगाच या हातातून त्या हातात घेतली. कचेरीत त्याला सगळे जयवंतराव म्हणत. अक्षर चांगलं म्हणून नकलांच्या टेबलावर बसवलेला, एकतीस वर्षांचा, कमी बोलणारा कारकून. सकाळपासून तो कागद वेगळे करत होता. पहिल्या नोव्हेंबरला राज्य बदलणार होतं, नागपूर मुंबईकडे जाणार होतं आणि सौसर-पांढुर्णा भोपाळच्या राज्यात राहणार होतं, म्हणून कुठला कागद कोणत्या गठ्ठ्यात जाईल याच्या याद्या करून डोळे शिणले होते. पण ते ठोके कानावर पडले आणि उजव्या हाताची बोटं पाना धरल्यासारखी आपोआप वळली. ती त्यानं सरळ केली, आणि फाटकातून आत गेला.

आवारात सागाच्या तीन उंच बल्ल्या माथ्याशी बांधून घोडी उभी केली होती आणि तिच्या माथ्याला साखळीची कप्पी टांगली होती. खाली रघुनाथरावांची मोटार. हिरवी, विलायती, लढाईच्या आधी नागपुराहून आणलेली. गावोगावचा सारा वसूल करायची मालगुजारी होती तेव्हा ही मोटार रामाकोन्यापासून मोहगावपर्यंत धूळ उडवत फिरे आणि तिला वाट द्यायला बैलगाड्या रस्त्याखाली उतरत. आता मालगुजारी जाऊन पाच वर्षं झाली होती. मोटारीचा मागचा आस तुटला होता, टायर मिळत नव्हते, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिन मात्र धड होतं. ते काढून संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीवर पंपाला जोडायचं रघुनाथरावांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी पांढुर्ण्याहून नत्थूजी मिस्त्रीला बोलावलं होतं. नत्थूजी मडगार्डावर पोट टेकून आत वाकला होता. मान बारीक झाली होती, दाढीचे खुंट पांढरे झाले होते. सावली पडली तशी त्यानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"कोन व्हय?"

"जयवंता."

"जयवंता?" म्हातारा सरळ झाला. त्याचा चेहरा खरोखरीच उजळला. बाजूला उभ्या मदतनिसाला तो म्हणाला, "पाय ना गुणवंता, हा जयवंता. पाच वर्सं माह्या हाताखाली शिकला हा. आता कचेरीत साहेब होऊन राहिला." मग खुर्ची टाकून बसलेल्या रघुनाथरावांकडे वळून त्यानं तेच पुन्हा सांगितलं, "माह्याच हाताखालचा, मालक."

जयवंताला वाटलं होतं, हा माणूस आपल्याला पाहील तेव्हा मान खाली घालेल. निदान ओळखलं नाही असं तरी दाखवील. अकरा वर्षं त्यानं ही भेट मनात घोळवली होती. बसच्या अड्ड्यावर, कुणाच्या लग्नात, एखाद्याच्या मयतीत ती होईल असं धरून चालला होता आणि प्रत्येक ठिकाणी म्हाताऱ्याची मान त्यानं खाली घालायला लावली होती. आणि हा तर अभिमानानं सांगत होता. जसं काही यानंच हाताला धरून आपल्याला कचेरीत पोचवलं होतं. जयवंतानं नमस्कार केला. मग तो मोटारीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"काय अडलं मिस्त्रीजी?"

"निंघत नाई. सकाळपासून करून राहिलो." नत्थूजीनं जमिनीवरच्या ॲल्युमिनियमच्या थाळीकडे बोट दाखवलं. थाळीत आठ बोल्ट ओळीनं मांडले होते, पुसून, नट ज्याच्या त्याला लावून. ही सवयसुद्धा जुनीच. "आठच्या आठ काढले. इंजिन पुढं सरकाले पायजे, तर बोटभरबी सरकत नाई. दांडा गंजला असन क्लचच्या ताटलीत, दुसरं काय."

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, क्लचवर, ओतीव लोखंडाचं घंटेसारखं एक झाकण असतं. त्याच्या कडेला पुढं आलेल्या कानांतून आठ बोल्ट घालून ते इंजिनाला जोडलेलं. आठ काढले की इंजिन पुढं सरकतं, गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या ताटलीतून सुटतो, आणि इंजिन कप्पीवर उचलून घेता येतं. जयवंता खाली वाकला. झाकणाच्या डाव्या अंगाला, खालच्या कानाजवळ, तेल आणि मातीचा थर बसला होता. त्याच्याखाली काळा रंग होता, रंगाखाली शिसं, आणि शिशाखाली बुडत्या डोक्याचा एक पोलादी पेच होता. नववा. कंपनीनं तो बसवलेला नव्हता. तो जयवंतानं बसवला होता, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हती.

तो उभा राहिला. "हो," तो म्हणाला, "गंजलाच असेल."

घरी जाताना आपण शीळ घालतो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. बायकोनं, सुधानं, ताट वाढलं तेव्हा त्यानं दोनदा भाकरी मागून घेतली. ती म्हणाली, बढतीबिढती मिळाली की काय. तो हसला. तोंडातला घास चावताना त्याला दिसत होता तो वाकलेला म्हातारा, थाळीतले आठ बोल्ट पुन्हापुन्हा मोजणारा. मोज. अजून मोज. आयुष्यभर ज्या हातांचा तोरा मिरवला ते हात एका पेचापाशी येऊन थांबले आहेत, आणि तो पेच कुणाचा आहे ते तुला कधीच कळणार नाही. असा आनंद त्याला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. त्या आनंदाला धार होती, आणि ती धार आपल्यालाही लागते आहे हे त्याला जाणवत होतं, तरी तो हात काढत नव्हता.

तो पेच त्यानं बसवला त्या वर्षी लढाई संपली होती. पांढुर्ण्याच्या स्टेशनरोडवर नत्थूजीची टिनाची शेड होती. रघुनाथरावांची मोटार तिथं दुरुस्तीला आली आणि त्याच आठवड्यात नत्थूजी मोहगावला बहिणीकडे गेला तो तापानं तिथंच पडून राहिला. मालगुजाराचा माणूस रोज येऊन तगादा लावायचा. वीस वर्षांच्या जयवंतानं एकट्यानं इंजिन उतरवलं, क्लचची ताटली बदलली, आणि जोडताना त्याला दिसलं की झाकणाचा खालचा कान तडकलेला आहे. तसंच कसलं असतं तर क्लच सोडताना मोटार थरथरली असती. नवं झाकण कुठून आणणार? दोन दिवस त्यानं हातानं फिरवायच्या गिरमिटानं झाकणातून थेट इंजिनाच्या अंगापर्यंत त्या ओतीव लोखंडात भोक पाडलं, आटे पाडले, स्टेशनातल्या एका फिटरकडून पोलादी पेच मागून आणला आणि असा बसवला की कान जागचा हलेना. मग त्याला भीती वाटली. मालकाच्या मोटारीला न विचारता भोक पाडलं म्हणून मिस्त्रीजी मारतील. पळीत शिसं वितळवून त्यानं पेचाचं डोकं बुजवलं, कानशीनं सारखं केलं, वरून काळा रंग दिला. बोट फिरवलं तरी कळत नव्हतं. मोटार सुरू झाली, गिअर पडला, जरासुद्धा थरथर नाही. त्या दिवशी तो शेडमध्ये एकटाच हसला होता. मिस्त्रीजी बरे होऊन आले की हळूच दाखवू, आधी शिव्या देतील आणि मग बोट फिरवून पाहतील, असं त्यानं ठरवलं होतं. ते दाखवणं राहूनच गेलं. नत्थूजी परत आल्यावर चौथ्याच दिवशी संत्र्याचा ट्रक उलटला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत डबा तसाच ठेवून तो रघुनाथरावांच्या आवारात गेला. नत्थूजीनं फटींत मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, सोडलं होतं, लाकडी पाचरी ठोकल्या होत्या, स्टोव्हच्या ज्योतीनं झाकण तापवलं होतं. नत्थूजीचा मदतनीस गुणवंता, जयवंताच्याच वयाचा, रुंद खांद्यांचा माणूस, लोखंडी सब्बल फटीत घालून रेटून रेटून घामानं निथळत होता. तो एक शब्द बोलत नव्हता. म्हातारा सांगे, "जोर लाव," तर जोर लावी. "थांब" म्हटलं की थांबे, आणि तळहात धोतराला पुसे. रघुनाथराव खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "राज्य भोपाळला चाललं मिस्त्री, पण माझं इंजिन काही जागचं हलत नाही. जमत नसेल तर सांगा. नागपुराहून दुसरा माणूस आणतो." नत्थूजी हसायला गेला आणि ते हसू अर्ध्यावर राहिलं. जयवंतानं ते हसू नीट पाहून घेतलं. लहानपणी बर्फाचा गोळा जिभेवर विरघळू द्यायचा, तसं ते त्यानं मनात विरघळू दिलं.

मग म्हातारा त्याच्याजवळ आला. कोपरापासून बोटांपर्यंत काळा, श्वास लागलेला. हळू आवाजात म्हणाला, "जयवंता, या गाडीचं काम तूच केलतं ना रे? मी मोहगावले तापात होतो तवा. काही आठवते का तुले? काही वेगळं होतं का तवा?"

सरळ विचारलं होतं. डोळ्यांत डोळे घालून विचारलं होतं. जयवंताला क्षणभर वाटलं, जिभेवरून ते आता घसरेल. डावीकडे, खालच्या कानापाशी, शिसं उकरा. इतकंच तर सांगायचं होतं. त्याऐवजी त्याला दिसली पांढुर्ण्याची शेड, दाराशी जमलेली पन्नास माणसं, वही काढून उभा असलेला हवालदार. मोहगावच्या उतारावर ट्रकचं पुढचं चाक निखळलं होतं. संत्र्यांच्या टोपल्यांवर बसलेली लोधीखेड्याची देवकाबाई रस्त्यावर फेकली गेली होती आणि तिचा उजवा हात कोपरात मोडला होता. चाकं कुणी बसवली, हवालदारानं विचारलं. चाकं जयवंतानंच बसवली होती. पण नट कसण्याच्या वेळी नत्थूजीनं त्याच्या हातातून पाना घेतला होता. जा, जेवून घे, नट मी कसतो, असं म्हणाला होता. जयवंता जेवून आला तोवर ट्रक गेलेला होता. हे सगळं मिस्त्रीजी आता सांगतील म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. आणि नत्थूजी म्हणाला, "यानं बसवले चाकं. मी सांगतलं होतं नीट कस म्हनून. यानं नट ढिले ठेवले." तरीही जयवंता गप्प राहिला. त्याला वाटलं, मिस्त्रीजी घाबरले आहेत, गर्दी पांगली की दुरुस्त करतील. तो दिवस गेला, ती दिवाळी गेली. पांढुर्ण्यापासून आमल्यापर्यंत कुठल्याच शेडमध्ये त्याला कुणी पान्याला हात लावू दिला नाही. नट ढिले ठेवणारा पोरगा, म्हणायचे. मॅट्रिक झालेला होता म्हणून शेवटी कचेरीत चिकटला. आईनं देवापुढे साखर ठेवली, आणि तो त्या रात्री आपले हात पाहत बसला होता, ज्यांना आता नुसतं लिहायचं होतं.

"नाही," तो नत्थूजीला म्हणाला. "काही आठवत नाही. अकरा वर्षं झाली."

"हाव ना," म्हातारा म्हणाला. "मोठा काळ झाला."

तिसऱ्या दिवशी सौसरचा बाजार होता. पोट दुखतं असं सांगून जयवंतानं अर्ध्या दिवसाची रजा काढली. बाजाराच्या एका टोकाला देवकाबाई संत्री घेऊन बसायची. ती बसते हे त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं आणि त्या बाजूनं तो कधी जात नसे. धान्याच्या ओळीतून वळसा घालून घरी जाई. आज मात्र पाय सरळ तिच्याकडेच गेले. जे अवघड होतं ते सगळंच या तीन दिवसांत सोपं झालं होतं. देवकाबाई डाव्या हातानं फळं रचत होती. उजवा हात कोपरातून बाहेरच्या अंगाला वळलेला, मांडीवर ठेवलेला.

"ओळखलं का बाई?"

"न ओळखाले काय झालं? त्या कोपऱ्यातून जाता तुमी. इकडं नाई येत."

नत्थूजी मिस्त्री गावात आला आहे, एवढंच तो म्हणाला.

"मालूम हाय. काल सांजच्याले घरी येऊन गेला. दरसाल येते जी तो, दिवाईच्या आधी. लुगडं आनते."

"दर साल?"

"हात मोडला तवापासून. बसते, च्या पेते, माह्या हाताकडं पायते अन् चालला जाते. बोलत नाई काही. मीबी इचारत नाई."

जयवंतानं चार संत्री घेतली आणि पुढं चालू लागला. म्हणजे म्हातारा विसरला नव्हता. गेले तीन दिवस तो समजत होता की म्हाताऱ्याच्या मनातून ते पुसलं गेलं आहे, म्हणून इतक्या निवांतपणे आपलं नाव घेतो आहे. तसं नव्हतं. पांढुर्ण्याहून एवढ्या लांब, दर दिवाळीला, काखोटीला लुगडं मारून हा माणूस लोधीखेड्याला येत होता. याच सौसरातून जात असेल, कचेरीच्या समोरूनच. आत जयवंता लिहीत बसला आहे हे याला माहीत असणार. बाईच्या हाताला लुगडं होतं. जयवंताच्या हातांना काय होतं? नुसतं पाच मिनिटं आत येऊन एक वाक्य म्हणायला हवं होतं. ते वाक्य वाचवण्यासाठी म्हातारा अकरा वर्षं त्या बाईच्या दारी गुपचूप चहा पीत बसला. राग इतका स्वच्छ असतो हे जयवंताला ठाऊक नव्हतं. त्या रागात त्याला बाजारातली प्रत्येक वस्तू स्पष्ट दिसत होती, मिरच्यांचे ढीग, तराजूची दोरी, एका म्हशीच्या शिंगाला बांधलेली लाल चिंधी. इंजिन अडू दे. आज, उद्या, महिनाभर अडू दे. नागपूरचा मिस्त्री येऊ दे आणि पांढुर्ण्याच्या अड्ड्यावर लोक म्हणू देत, नत्थूजीला एक इंजिन उतरवता आलं नाही.

तो आवारात पोचला तेव्हा दुपार कलंडली होती. रघुनाथरावांसोबत आणखी तीनचार माणसं गंमत पाहायला येऊन बसली होती. नत्थूजीचा आवाज चढला होता. त्यानं कप्पीची साखळी ताणून इंजिनाचं वजन उचलून धरलं आणि सब्बल नव्या फटीत घातली. "घे गुणवंता, एकदमच घे. सगळा जोर लाव. लाव म्हनतो ना."

गुणवंता थांबला. तीन दिवसांत पहिल्यांदाच बोलला. "कान फुटन जी."

"तुले जास्त समजते? लाव."

गुणवंतानं अंग टाकलं. कडकन आवाज झाला आणि ओतीव लोखंडाचा, पोळीएवढा तुकडा उडून गुणवंताच्या पायाशी पडला. वरचा, उजवीकडचा कान गेला होता. इंजिन जिथं होतं तिथंच. जमलेली माणसं पुढं आली. रघुनाथराव खुर्चीतून उठले.

"काय केलंत मिस्त्री? फोडलंत?"

आणि नत्थूजी वळला. त्याच्या तोंडावर घाम होता, डोळे घाबरलेले होते. तो म्हणाला, "मी सांगतलं होतं धीरे घे म्हनून. यानं जोर लावला, मालक."

जयवंताच्या हातातली पिशवी खाली गेली आणि संत्री घरंगळली. तोच आवाज होता. थोडा घोगरा झालेला, पण वाक्य कुठं उचलायचं आणि कुठं टाकायचं ते तेच. त्यानं गुणवंताकडे पाहिलं. गुणवंता म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. वाट पाहत होता. जयवंताला ते पाहणं ओळखू आलं. पण या वेळी त्या पाहण्याच्या दुसऱ्या टोकाला एकटा नत्थूजी नव्हता. नववा पेच तिथंच होता, रंगाखाली, शिशाखाली, आणि तो तिथं आहे हे माहीत असलेला माणूस तीन दिवस हसत उभा होता. गुणवंतानं तळहात धोतराला पुसले. ते फोडांनी सोललेले होते. मग तो आपली पिशवी उचलायला भिंतीकडे चालू लागला.

जयवंतानं कोट काढून मडगार्डावर टाकला. हत्यारांच्या पेटीतून छिन्नी, छोटी हातोडी आणि मोठा पेचकस उचलला आणि मोटारीखाली उताणा शिरला. तिन्ही हत्यारं हाताला लगेच सापडली. पेटी अजून तशीच लावलेली होती. मातीचा थर उकरला, रंग खरवडला. शिसं मऊ होतं, सालीसारखं निघालं. पेचाच्या खाचेत पेचकस बसला. दोन्ही हातांनी दाबून त्यानं वळवलं. पेच करकरला, अडला, मग फिरला. पाच आटे, सहा, सात. पेच बोटांत आला आणि त्याच क्षणी साखळीनं वजन घेतलं. इंजिन आपणहून चार बोटं पुढं सरकलं आणि मंद झुलायला लागलं.

तो बाहेर आला. केसांत माती, पांढऱ्या सदऱ्यावर तेल. पेच त्यानं नत्थूजीच्या हातावर ठेवला.

"हा मी बसवला होता," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कान तडकला होता म्हणून. वरून शिसं भरलं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. मिस्त्रीजींनी विचारलं तरी खोटं बोललो. कान फुटला तो माझ्यामुळे फुटला. गुणवंताचा काही दोष नाही."

नत्थूजी पेचाकडे पाहत होता. त्यानं सवयीनं त्याच्या आट्यांवरून अंगठा फिरवला.

"असं सांगतात, मिस्त्रीजी," जयवंता म्हणाला. "एवढाच वेळ लागतो. पाहा ना, झालंसुद्धा."

म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं. वार बसला होता. जयवंताला तो बसलेला दिसला, आणि गेल्या तीन दिवसांतल्या कुठल्याही सुखापेक्षा हे सुख मोठं होतं. रघुनाथराव तावातावानं काही बोलत होते, तहसीलदारांच्या कानावर घालतो म्हणत होते, सरकारी माणसाला हे शोभतं का म्हणत होते. जयवंतानं ते ऐकून घेतलं. पिशवी खांद्याला लावून निघालेला गुणवंता त्याच्यापाशी थांबला.

"तीन दिवस तुमी पाहून राहिले होते?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं होतं.

"हो."

गुणवंतानं मान हलवली. आणखी काही म्हणावं इतका तो त्याला मोलाचा वाटला नसावा. तो फाटकाकडे चालू लागला. आभाराची अपेक्षा जयवंतानं केली नव्हती, असं त्याला वाटत होतं. पण छातीत जे रिकामं झालं त्यावरून कळलं, केली होती.

इतक्यात नत्थूजी जवळ आला. अगदी कानाशी आला, तंबाखूचा वास यावा इतका. कुजबुजला, "ते ट्रकचे नट मीच कसले नोयते रे. पाना हातात घेतला अन् कोनीतरी आवाज देल्ला म्हनून बाहेर गेलो, अन् विसरलो. मले मालूम हाय."

अकरा वर्षं ज्या वाक्यासाठी कान उघडे ठेवले होते ते वाक्य इतक्या हळू आलं की हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू गेलं नसतं. जयवंतानं म्हाताऱ्याचं मनगट धरलं. मनगट बारीक होतं, हाडं हाताला लागत होती. दया यायला हरकत नव्हती. आली नाही.

"मोठ्यानं सांगा."

"आता काय फायदा, जयवंता? कोनाले आठवते ते?"

"मला. मोठ्यानं सांगा. गुणवंता जायच्या आधी."

नत्थूजीनं फाटकाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्न त्यानं केला नाही. घसा खाकरून तो म्हणाला, "मालक, ते नट मी कसले नोयते."

"कोणते नट?" रघुनाथराव वैतागून म्हणाले. "आता कसले नट काढलेत मध्येच? इंजिनाचं बोला."

गंमत पाहायला आलेल्यांतला एक जण हसला. तिथं जमलेल्यांतल्या कुणालाही काही माहीत नव्हतं. कुठला ट्रक, कुठला उतार, कोण पोरगा. नत्थूजीनं केविलवाणं होऊन जयवंताकडे पाहिलं. सांगितलं ना आता, असं त्या पाहण्यात होतं. जयवंतानं हात सोडला नाही. तेव्हा म्हाताऱ्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. लढाई संपली ते वर्ष, पांढुर्ण्याची शेड, संत्र्यांचा ट्रक. जेवायला कुणी कुणाला पाठवलं. पाना कुणाच्या हातात होता. हवालदारानं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. "पोरगा हाय, कोठीबी लागन कामाले, अन् माही शेड गेली तर मी कोठी जाऊ, असं वाटलं मले," तो म्हणाला. देवकाबाईपाशी येऊन तो दोनदा अडला. जयवंताला शब्द माहीत होते, त्यानं पुरवले नाहीत. फाटकाशी गुणवंता पिशवी खाली ठेवून ऐकत होता. रघुनाथराव पुन्हा खुर्चीत बसले होते आणि आता त्यांना घाई दिसत नव्हती. म्हाताऱ्यानं ते सगळं शेवटापर्यंत सांगितलं.

"झालं का आता?" मग तो जयवंताला म्हणाला.

जयवंतानं स्वतःच्या आत पाहिलं. राग तिथंच होता. थोडा बसल्यासारखा, पण गेलेला नाही. तो जाईल असं त्याला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक.

"नाही," तो म्हणाला. खरं तेच सांगितलं.

नत्थूजीनं मान डोलावली, जणू हेही बरोबरच होतं. मग त्यानं वर झुलणाऱ्या इंजिनाकडे पाहिलं आणि फाटकाकडे हाक दिली, "गुणवंता, तू कोठी चालला? मालकाले सांगतलं ते चुकलं माह्यं. जोर मीच लावाले लावला. ये, धर. बल्ल्या सरकून राहिल्या."

गुणवंता जागचा हलला नाही. घोडीचा एक पाय खरोखरच मातीत घसरत होता. जयवंतानं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी इंजिनाचं पुढचं अंग धरलं. समोरून म्हातारा आला, त्यानं मागचं अंग धरलं. दोघांची तोंडं हातभर अंतरावर होती आणि दोघंही लोखंडाकडे पाहत होते. "साखळी कोन सोडन?" नत्थूजीनं कुणालाच न विचारता विचारलं. बऱ्याच वेळानं फाटकाकडून पावलं वाजली. गुणवंता आला, त्यानं सोललेल्या तळहाताला फडकं गुंडाळलं आणि साखळी धरली. इंजिन एकेक कडीनं खाली यायला लागलं.